मूठ टिकली तर

माझी मावशी घडीच्या चाकूंच्या कारखान्यात मुठी करते. फक्त मुठी. पात्यांचं खातं भिंतीपलीकडे, आणि तिकडच्यांना ती माणसांत धरत नाही. ॲल्युमिनियमची मूठ आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली की तिच्यावर कडक थर चढतो. मग घाम लागो, लिंबू लागो, मूठ ढिम्म. याला मावशी 'न्हाऊ घालणं' म्हणते. लग्न मात्र तिनं केलं नव्हतं. "लोखंडाला गंज लागतो, लाकडाला कीड लागते, नवऱ्यामागे सासू लागते," म्हणायची.

पन्नाशी उलटल्यावर कारखान्यातल्या तिच्या खिडकीशी एक होडीदुरुस्तीवाला आला. त्याच्या चाकूची लाकडी मूठ खाऱ्या पाण्यानं फुगून बसली होती. मावशीनं ऐटीत ॲल्युमिनियमची दिली. थोड्याच दिवसांत स्वारी परत! स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरली होती. मावशीच्या मस्तकात तिडीक गेली, स्वतःवरच. पोलादी स्क्रू, खारं पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की खाल्लं जातं बिचारं ॲल्युमिनियम. तिनं स्क्रूखाली प्लास्टिकची पातळ चकती घातली, नवी मूठ न्हाऊ घातली, आणि ती तपासायला त्याला दर आठवड्याला बोलावलं. एवढं काय तपासायचं होतं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी त्यानं लग्नाचं विचारलंच.

"ही मूठ वर्षभर टिकली तर करते," मावशी म्हणाली. "हीच हं! आत माझी खूण आहे. वर्ष सरेपर्यंत मला दाखवायची नाही. आणि कपाटात जपून ठेवलात तर सगळं रद्द."

आमच्या घराला वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं. बाबा, ज्यांनी जन्मात कांदा चिरला नाही, ते जेवताना मिठावर व्याख्यानं देऊ लागले. आई ही मावशीची थोरली बहीण. ती करवादली, "अगं, माणूस बघ! मूठ काय बघतेस?"

"माणसं सगळी चकचकीतच दिसतात, ताई. खारं पाणी लागलं की कळतं."

आणि एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्यानं आमच्या दारात उभा. होडी खरवडून झाल्यावर मिटलेला चाकू हातातून निसटून धक्क्याखाली गेला होता.

"दुसरा घ्या, तशीच खूण ओरखडा," बाबा म्हणाले.

"नको हो. जन्मभर तिच्यासमोर ते खोटं खिशात घेऊन फिरू?"

तिथंच आम्ही त्याला पास करून टाकलं. मग दर ओहोटीला आमचं अख्खं घर धक्क्याखाली, गुडघाभर चिखलात. आईनं पिठाची चाळणसुद्धा सोडली नाही. वर्ष सरत आलं, आशा सुटली, आणि एका सकाळी आईच्या टाचेखाली काहीतरी टोचलं. ती अशी किंचाळली की धक्क्यावरचे पक्षी उडाले.

तसेच चिखलाच्या पायांनी आम्ही मावशीकडे गेलो. त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. मावशीनं चाकू नळाखाली धरला. पातं गंजून मुठीत रुतलं होतं. त्यानं ओढलं, बाबांनी ओढलं, मी ओढलं. हलेना.

"संपलं म्हणायचं," तो पुटपुटला.

मावशीनं चष्मा लावला. स्क्रूभोवती नख फिरवलं. भुकटीचा कण नाही. फटीतून आतली खूण पाहिली, आणि अशी खदखदून हसली की चष्मा नाकावरून घसरला. "पातं माझं खातंच नाही! मुठीचं विचारा, मुठीचं!"

मग तिनं चष्मा काढून पुसला. "केवढी घाबरले होते मी वर्षभर. टिकणार नाही म्हणून."

"मूठ?"

"मूठ कसली डोंबलाची!"

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "पण हा आता उघडत नाही."

"कापायचंय कुणाला? धरा."

तिनं चाकू त्याच्या तळहातावर ठेवला आणि आपला हात काढून घ्यायला विसरली. आईला यातलं काही दिसलं नाही. ती केव्हाच फोनवर नातेवाइकांना तारीख सांगत सुटली होती.