हात धरायला बारा भाग

अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सोमवारपर्यंत उणकलच्या स्थळाला होकार की नकार ते ठरवायचं होतं. कळवणार मात्र मामा. आमच्याकडे मुलीने स्वतः बोलायचं नसतं! याच प्रथेविरुद्ध मी कॉलेजांच्या दारात पत्रकं वाटते, आणि माझ्याच घरात हे चाललेलं. रविवारी सकाळी मी धुमसत बसले होते, तर अक्का म्हणाली, "एखादं जपानी ॲनिमे कार्टून लाव गं. प्रेमाचं, हसवणारं."

मी यादी उघडून एकेक बाद करू लागले. "यात पोरगा मुलीचा पिच्छा पुरवतो. हा विनोद? हा छळ आहे! आणि यात नायिकेला मतच नाही."

"साकु गं, पुरे! पत्रक काढतेयस की गंमत बघायला बसलीयस?" तिने मोबाईल ओढून घेतला आणि चित्रातले चेहरे बघून एक लावलं.

त्यातल्या दोघांना नुसता हात धरायला बारा भाग लागले. तो मुलगा आधी विचारतो आणि ती विचार करेपर्यंत गप्प उभा राहतो. पत्रकांत मी मोठ्या अक्षरांत 'आधी तिला विचारा' असं जे छापते, ते इतकं साधं दिसतं? मी थक्क झाले.

संध्याकाळी अक्काने उणकलच्या मुलाच्या बायोडेटावरचा नंबर लावला. "ठरवण्याआधी आपण दोन-चारदा भेटूया का?"

"आमच्या अप्पांना विचारून सांगतो," तो गडबडला.

"अप्पांचं नंतर. तुम्हाला काय वाटतं?"

एवढं बोलून ती शांतपणे थांबली. घोषणा देणारी मी. पण असं विचारायचं धाडस मला कधी झालं नव्हतं. बऱ्याच वेळाने पलीकडून हळूच "भेटूया" ऐकू आलं.