बल्गेरियाच्या बाई नेमक्या कुणाच्या

माझी शाळा चौथीत सुटली, पण राजकारण मला कुणी शिकवायला नको. पंचायत समितीच्या सभापतींची जीप मी एकोणीस वर्षं चालवली. हे सूनबाईला मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं.

ती सिंगापूरच्या एका विद्यापीठात युरोपच्या राजकारणावर संशोधन करायची. मी तिच्या आणि मुलाच्या, तिथल्या चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटवर राहायला गेलो, तेव्हा तिच्या नोकरीची मुदत संपत आली होती. वाढवून मिळायची तर विभागापुढे एक व्याख्यान द्यायचं होतं. ते पडलं की तिचा तिथं राहायचा पास गेला, आणि तिच्या पासवर राहणारा माझा मुलगाही तिच्यासोबत पुण्याला परत.

विषय होता बल्गेरियातल्या एका राजकारणी बाईंचा. आधी देशात युरोपच्या कामाच्या मंत्री, मग युरोपीय संघाच्या आयुक्त. रोज संध्याकाळी सूनबाई मला ते मराठीत म्हणून दाखवायची. म्हणाली, तुम्हाला पटलं तर कुणालाही पटेल. मला राग आला. म्हणजे घरात सगळ्यात मठ्ठ मी, असंच ना?

"मठ्ठ नाही बाबा, हट्टी. मठ्ठ माणूस नुसती मान डोलावतो."

आयुक्त झाल्यावर बाईंनी शपथ घेतली, की आपल्या देशाच्या सांगण्यावरून काही करणार नाही. इथं मी अडलो. पाठवायचं देशानं, आणि ऐकायचं नाही देशाचं? मग ही बाई कुणाची? तिनं परोपरीनं समजावलं. मी दोन दिवस ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला बोअरची गोष्ट सांगितली. आमच्या साहेबांनी सभापती झाल्यावर पहिली बोअर स्वतःच्या गावाला न देता शेजारच्या गावाला दिली. गावात त्यांना कुणी चहा विचारेना. मीही आठवडाभर जीपमध्ये तोंड उघडलं नाही.

तिनं वही ओढली. "मग राग कधी गेला?"

"गेला नाही. पण पुढच्या खेपेला मत त्यांनाच दिलं."

"का?"

"पाणी तिकडंच नव्हतं."

त्या संध्याकाळी तिनं व्याख्यानाची पहिली चार पानं काढून टाकली.

व्याख्यानाला मी हट्टानंच गेलो. मुलाचं जॅकेट घालून मागं बसलो, एसी फार. इंग्रजी कळत नव्हतं. शेवटी एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी काही विचारलं. मग ती बोलू लागली, त्यात मला 'जीप' ऐकू आलं, 'बोअरवेल' ऐकू आलं, आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी ताठ बसलो.

घरी परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तिनं सांगितलं, प्रश्न माझाच होता: ही बाई कुणाची? तिनं उत्तर दिलं, ज्यांची निकड मोठी त्यांची. घरचे रागावणार, आणि त्यांनी रागवावंही. पण त्यांनी पुन्हा मत दिलं का, ते बघायचं.

मुदत दोन वर्षांनी वाढली. मुलानं पेढे शोधून आणले. मी तेव्हा तिला एवढंच म्हणालो, की बरं बोललीस. सासऱ्यानं सुनेचे आभार मानायचे नसतात, असं मला वाटायचं. आता मानतो. माझ्याशी आयुष्यभर पुष्कळ लोक भांडले. मी भांडत असताना वही उघडून लिहून घेणारी ती एकटीच.