शिशाची कल्हई

टाकाऊ हा शब्दच आमच्या मामांना ठाऊक नव्हता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, लष्कराच्या मोडीत काढलेल्या लॉऱ्या नगरात लिलावाला आल्या आणि मामांची दिवाळी झाली. भिंगारजवळच्या त्यांच्या परड्यात लॉरी शिरली की तिचा खिळासुद्धा वाया जात नसे. तिच्या सीटवर पाहुणे बसत, पुढच्या दिव्याच्या काचेत लोणचं मुरे. बॅटरीतलं पाणी ओतलं तिथलं गवत जळालं, तर म्हणाले, "घ्या, आयती खुरपणी झाली!" मामी कपाळाला हात लावी. "अवो, एक दिस मलाबी खोलून ठिवाल!" यावर मामा असे हसत की कोंबड्या पळत सुटत.

लढाईपायी कथील मिळेनासं झालं होतं आणि गल्लीतल्या तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली होती. मामांनी भाता लावला, बॅटऱ्यांतलं शिसं वितळवलं, त्यात होतं तेवढं कथील मिसळलं आणि पहिलं पातेलं चकचकीत केलं ते मामीचं. "तोंड बघ त्यात, लई गोड दिसतीस!" मग साऱ्या गल्लीची भांडी केली, तीही फुकट. मामीला चिंचेचं सार फार आवडे. मामांचे दात आंबत, म्हणून त्या पातेल्यातलं सार ती एकटीच पिई.

हळूहळू मामी वाळली. पोटात कळा येत, हातातून तांब्या गळे. मामांनी निदान केलं, कल्हई पातळ झाली, पितळ उतरून अन्न कळकतंय! बिचारे दर पंधरवड्याला तिच्या पातेल्यावर आणखी जाड थर चढवू लागले.

शेवटी नगरच्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्यांवरची निळी रेघ पाहिली आणि विचारलं, "भांड्यांना कल्हई कोण करतं?"

"मीच की!" मामांनी ऐटीत लॉरीपासून सगळी हकिकत सांगितली.

"अहो, शिसं विष आहे. आंबटात ते उतरतं."

देवा रे, मामांचा तो चेहरा आठवू नये असं मला अजून वाटतं. त्याच दुपारी मामा गल्लीत दारोदार फिरले, हात जोडून भांडी परत मागितली. घरी आले ते उंबऱ्यातच बसून राहिले. आत यायचा धीर होईना.

"आत या की," मामी अंथरुणातून म्हणाली. "तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?"

"न्हाई गं," मामा म्हणाले. "हौसेनं केलं."

मामी हसली. त्या आजारात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. आठवड्याभरात ती गेली. मामा पुढे खूप जगले, पण हौसेनं काही केलेलं मला आठवत नाही.