आठवी ब

बी.एड.ला असताना आम्ही मॅडमना पाठीमागे ‘आठवी ब’ म्हणायचो. शाळेत पाठवण्याआधी आम्हाला टाचण, म्हणजे तासाची आखणी, लिहून एकमेकांपुढे छोटे पाठ घ्यावे लागत. समोर विद्यार्थी म्हणून आमचेच थोराड सोबती शहाण्यासारखे हात वर करून बसत. मॅडमना ते पसंत नव्हतं. कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, निवृत्तीला आलेल्या या बाई शेवटच्या बाकावर आठवी ब मधल्या पोरासारख्या बसून पेन आपटत आणि मध्येच ओरडत, “सर, हा मला चिमटे काढतोय!” शिकवणारा घामाघूम झाला की पुन्हा मॅडम होऊन विचारत, “हं. तुमच्या टाचणात याला जागा कुठे आहे, दाखवा.”

पाठाचं टाचण काढताना आम्ही उद्दिष्टं फार भव्य लिहायचो. त्या चष्म्यावरून बघत. “विद्यार्थी राष्ट्रप्रेमी होईल? एका तासात? आधी तो वही काढेल का, ते बघा.”

घोटीच्या एका शाळेत माझा नववीवर इतिहासाचा सरावपाठ होता. मी फळ्याकडे वळलो आणि वर्ग हातचा गेला. मागे बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “मॅडम, मी कोर्स सोडतोय.”

“सोडा. मी मघाशी उठले का नाही, हेच विचारायचंय ना?”

“हो.”

“उठले असते तर वर्ग माझा झाला असता. माझे वर्ग पुष्कळ झालेत.” त्या पाणी प्यायल्या. “उद्या याच मुलांवर तुमचा तास आहे. तेवढा घ्या आणि जा.”

घेतला. फारसा बरा झाला नाही. निघताना एका मुलीने विचारलं, “सर, उद्या हाय ना तुम्ही?” मी हो म्हणालो. मग सोडायचं राहूनच गेलं.

मॅडमच्या निरोप समारंभात अध्यक्षांनी त्यांना ‘ज्ञानयज्ञातील समिधा’ म्हटलं. शाल सावरत खाली उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, “समिधा जाळतात, हे माहीत असेल ना त्यांना?”

गेल्या महिन्यात माझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत बी.एड.च्या ग्रुपवर मेसेज आला, मॅडम गेल्या. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही दोन हात टाकले. रडू वगैरे आलं नाही. डबा संपवला, भाजी कशाची होती, आठवत नाही. घंटा झाल्यावर वर्गात गेलो, हजेरी घेतली, फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं.

“सर, बरं नाही का?” पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“पुस्तकं काढा,” मी म्हणालो. मॅडमबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कोण होत्या, हे मुलांनी विचारलंच असतं. आणि तास संपायला अजून बराच वेळ होता.