तिसऱ्या झटक्याला सुरू होणारी मशीन

आमच्या धंद्यात कापलेल्या फांद्या त्याच दिवशी पिकअपमध्ये भरून पाठवून देता येतात. किस्से मात्र शेडच्या कोपऱ्यात पडून राहतात, अन् गंजलेल्या साखळीसारखे कधीतरी पायात येतात!

बॉटनीत एम.एस्सी. झाल्यावर मी रायपुरात झाडांचं काम सुरू केलं. घरावर आलेल्या फांद्या छाटायच्या, वाळलेली झाडं उतरवायची, अन् वाचण्यासारखं झाड असलं तर मालकाशी भांडून ते वाचवायचं. एक जुनी पिकअप, एक सेकंडहँड चेन-सॉ, दोन-तीन माणसं. रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबांनी पहिल्याच महिन्यात निकाल देऊन टाकला, "पोट्टे, तुह्या धंद्यात मशीन चालत नाही अन् माणूस टिकत नाही. काहून जीव जाळून राहिली?"

* * *

पहिला माणूस मी जाहिरात देऊन शोधला. "झाडांवर प्रेम हवं" असं चक्क लिहिलं होतं जाहिरातीत! जो आला तो पुरानी बस्तीत एका आजींच्या अंगणातल्या कडुनिंबावर सरसर चढला. वर पोचल्यावर त्यानं खाली बघितलं अन् खोडाला मिठी मारली. उतरेचना! तास झाला. आजींनी दोरीला डबा बांधून वर पोहे पाठवले.

शेवटी समोरच्या चहाच्या टपरीवरून पन्नाशीचा एक माणूस उठला. चपला काढल्या, वर गेला, गमछ्यानं त्या बहाद्दराला स्वतःच्या पाठीशी बांधलं अन् अलगद उतरवून आणलं. मी तिथल्या तिथं विचारलं, "काम करोगे?"

तो म्हणाला, "पहले इसको पानी पिलाओ, नोनी."

हा मनहरण कका. अभनपूरकडच्या एका गावातला. कका म्हणजे काका, नोनी म्हणजे पोरगी. मॅडम त्यानं मला कधी म्हटलंच नाही.

* * *

चेन-सॉ सुरू करायची तर दोरी झटक्यानं ओढावी लागते. मी दहादा ओढली तरी ती नुसती खोकायची. ककानं ओढली की बरोबर तिसऱ्या झटक्याला सुरू! तो मोजायचाही मोठ्यानं, "एक... दो... तीन!"

बूढापाऱ्यातल्या मेकॅनिकनं ती खोलली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. मी ओढली. खोकली, बंद! त्यानं हात पुसले अन् म्हणाला, "दीदी, मशीन में कोई खराबी नहीं है. आपका हाथ बदलना पड़ेगा!"

* * *

झाड उतरवायचं असलं की कका आदल्या संध्याकाळी तिथं एकटा जायचा. टंगियाच्या दांड्यानं, म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्यानं, खोडावर तीनदा ठोकायचा अन् वर बघून सांगायचा, "काली आबो. तुमन दूसर ठिहा देख लेहू." उद्या येऊ, तुम्ही दुसरी जागा बघा. पाखरांना, खारींना, मुंग्यांना, वर जे कोणी असेल त्याला.

मला तेव्हा सगळ्याचीच घाई. एकदा एका घरमालकानं तातडी केली, अन् मी म्हटलं, "कका, या वेळी राहू दे. आजच उतरवू!" त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं अन् मशीन उचलली.

झाड पडलं. फांद्या बाजूला करताना ढोलीत खारीची तीन पिल्लं सापडली. डोळेसुद्धा उघडले नव्हते. दोन गेलेली होती, तिसरं माझ्या ओंजळीत गेलं.

मी रडायला लागले. कका जवळ उभा होता. एवढंच म्हणाला, "इनको नोटिस नहीं मिला था, नोनी."

* * *

नंतर आलेल्या दोन पोरांना मी वर्षभर शिकवलं. दोरीच्या गाठी, कुठून कापायचं, कुठं पाय द्यायचा. त्यातला एक चांगला तयार झाला अन् एका सकाळी सामान पोचवायच्या नोकरीला निघून गेला. मी तावातावानं झाडं, शहर, ऊन, सावली असं पंधरा मिनिटांचं भाषण ठोकलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सब सही है दीदी. पर चढ़ना वहाँ भी है, अउ वहाँ सीढ़ी होती है!"



* * *

कानावर घालायचे जाड मफ मीच आणून दिले होते. कका ते गळ्यात अडकवायचा. मी ओरडले की म्हणायचा, "डार टूटने से पहले बोलती है, नोनी. कान बंद कर लूँ तो सुनूँगा कैसे?" म्हणजे फांदी तुटायच्या आधी आवाज करते, अन् तो ऐकण्यावरच त्याचं सगळं काम चालायचं. आयुष्यभर टंगिया अन् हातकरवत वापरली होती त्यानं. तेव्हा हे जमत होतं. मशीन माझी हौस होती. अन् मीही पुढं पुढं मफवरून ओरडणं सोडून दिलं. काम उरकत होतं ना!

चार वर्षांनी एका कॉलनीत तो वर कापत होता. खालून मला फांदीची चीर दिसली. मशीन बंद करून तो त्याच फांदीखाली सरकत होता, सगळं शांत. मी ओरडले, "रुको! कका, रुको!" तो थांबलाच नाही. फांदी त्याच्या खांद्याला घासून पिकअपच्या टपावर पडली.

तो उतरला तशी मी त्याच्या तोंडावर किंचाळले, "कब से चिल्ला रही हूँ! बहरे हो गए हो क्या?"

त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हव, नोनी."

* * *

डॉक्टर म्हणाले, एक कान गेला. दुसऱ्यात थोडं उरलंय, कानाच्या मशीननं कदाचित फरक पडेल. मशीन बसवली. कका गावी गेला, पण बसून राहवेना. दर आठवड्याला बसनं यायचा अन् शेडमध्ये दोऱ्या गुंडाळत बसायचा. "चढ़ाओ ना, नोनी." मला नाही म्हणवेना अन् हो म्हणायची भीती वाटायची. शेवटी मी अट घातली. हातवारे करून, ओरडून, त्याच्या सुनेकडून समजावून सांगितलं: ज्या दिवशी फोनवर आपल्या चेन-सॉचा आवाज ऐकू येईल, त्या दिवशी परत ये.

दोन महिन्यांनी सकाळी फोन आला. माझं बोलणं त्याला कळत नव्हतंच. तो एकटाच बोलत होता. "नोनी, मशीन चालू करो. फोन उसके पास रखो. मैं गिनता हूँ."

मी फोन मशीनजवळ ठेवला अन् दोरी धरली.

"एक..."

मी ओढली. खोकली.

"दो..."

ओढली.

"तीन!"

दोरी तुटून माझ्या हातात आली. शेडमध्ये अगदी शांत झालं.

अन् फोनमधून ककाचा आवाज आला, "आ गई! सुनाई दी, नोनी! एकदम साफ! कल सुबह पहली बस से आता हूँ."