गूळ गोड लागला तेव्हा

गुळाचा खडा तोंडात टाकला की ती घटना आजही आठवते. ऐंशी सालच्या आसपास मी निपाणी भागात फौजदार होतो.

बोरगावकडच्या एका वैद्यांचं मधुमेहावरचं औषध तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना नावाजलेलं होतं. औषध म्हणजे खानापूरच्या रानातल्या मधुनाशिनीच्या वेलाचा पाला. आलेल्या माणसाला ते आधी पान चघळायला लावीत, मग गुळाचा खडा देत. त्या पानानं जिभेची गोडी मरते, गूळ मातीसारखा लागतो. एवढं अनुभवलं की भलेभले गार. मग वाळल्या पाल्याच्या पुड्या घेऊन खुशीत घरी जात.

खबर दिली बेळगावच्या एका प्राध्यापकांनी. ते त्याच औषधाचा अर्क सशांना देऊन साखर तपासत होते.

"पहिल्या पाल्यानं साखर हळूहळू उतरायची," ते म्हणाले. "यावेळच्या पुडीनं ससे बघता बघता आडवे झाले. यात मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातल्यात, असा माझा संशय आहे. उपाशीपोटी घेतलं तर माणूस जाईल."

दुसऱ्या दिवशी संकष्टी. उपवास घरोघरी आणि पुड्याही घरोघरी. रासायनिक तपासणीच्या अहवालाची वाट बघत बसायला सवड नव्हती. स्टेशन डायरीत नोंद केली आणि वैद्यांना ठाण्यात बोलावलं. पुड्या बांधणारा त्यांचा पुतण्याही सोबत आला.

म्हातारा भलताच तापट. "माझ्या औषधावर संशय? आणा ती पुडी! चघळतो अन् वर गूळ खातो. माती न्हाय लागली तर बेड्या घाला!"

मी चिमूटभरच घेऊ दिली. त्यांनी चघळली आणि वर गूळ टाकला.

"गोड लागतोय, साहेब. ह्यो नुसता कडुलिंब हाय."

पुतण्यावर आवाज चढवायची गरजच पडली नाही. काकांकडे बघूनच तो फुटला. "पाला पुरंना झालता, काका. माणसं रिकाम्या हातानं माघारी जायाची. लिंबानं गुण येईना, म्हणून गोळ्या कुटून घातल्या. तुमचं नाव जाऊ नये म्हणून केलं."

"घ्या ह्याची जबानी," वैद्य मला म्हणाले. "अन् मला जीपमध्ये घ्या."

दुपारभर आम्ही गावोगाव फिरलो. पोलीस बघून लोक पुड्या लपवायचे. बोरगावात एक आक्का तर दारातच आडवी उभी राहिली. "न्हाय देणार. ह्याच पुडीनं मी हिंडाय-फिराय लागलो."

वैद्यांनी तिच्याच पुडीतली चिमूटभर पूड तिला चघळायला लावली आणि वर गूळ दिला.

"गोड लागतोय?"

"व्हय की, अण्णा."

"मग ते माझं औषध न्हाय, आक्का. माझ्या घरातनंच खोटं औषध बाहेर पडलंय. मला माफ कर. उद्या सरकारी दवाखान्यात जा."

तिनं पुडी त्यांच्या हातात ठेवली. प्रत्येक दारात त्यांनी हेच सांगितलं, शेजारपाजार ऐकत असताना.

संकष्टीला कुणी दगावलं नाही. पुतण्याला पुढे शिक्षा झाली. वर्दीच्या धाकानं आम्हाला त्या पुड्या मिळाल्या नसत्या. लोकांनी त्या वैद्यांच्या शब्दावर घेतल्या होत्या आणि त्यांच्याच शब्दावर दिल्या. जन्मभर कमावलेलं नाव लोकांच्या जिवासाठी एका दुपारी खर्चून टाकणारा दुसरा माणूस मला साऱ्या नोकरीत भेटला नाही.