उसाची मोटार

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. औशाजवळच्या आमच्या तलावाचं पाणी कसं वापरावं, हे सुचवायला आसपासच्या गावांची सल्लागार समिती नेमली गेली. शाळेत शिकवत असल्यामुळे मीही तीत होतो. पहिली बैठक माझ्याच वर्गात भरली.

तलावातून उसाला पाणी ओढणाऱ्या मोटारी बंद कराव्यात, असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण समितीचे अध्यक्ष स्वतः ऊसवाले, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. शेवटी खालच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या बाई बोलल्या.

“दादा, तुमचा ऊस वाळंल, ते कळतंय मला. पण आमच्या आडात नुसता चिखल हाय. लेकरांनी काय प्यावं?”

 अध्यक्ष म्हणाले, “पयली माझी मोटार काढा.”

आम्ही लगेच तलावावर गेलो. अध्यक्षांनी आपली मोटार स्वतः उचलून बाहेर काढली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या मोटारी काढल्या. ते पाणी पिण्यापुरतं उन्हाळाभर टिकलं. अध्यक्षांचा ऊस मात्र वाळला. तो त्यांनी गावातल्या जनावरांसाठी चारा म्हणून वाटून टाकला.

पुढच्या बैठकीला ते उशिरा आले. वर्ग भरला होता. बाई सरकल्या आणि म्हणाल्या, “दादा, इथं बसा.” ते बसले.